भूतकथांसाठी देवनागरी फॉन्ट: कुठं ओरबाडायचं आणि कुठं हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भूतकथांची पुस्तकं, त्यांच्या ध्वनिमालिकांची मुखपृष्ठं आणि हॅलोविनच्या कार्यक्रमांची पोस्टरं यांसाठी तुम्ही देवनागरीत एक भीतिदायक शीर्षक-फॉन्ट करताय. एक जाड, सरळ वळणाचा फॉन्ट घेतलात, प्रत्येक अक्षराला खालून रक्ताचे ओघळ लावलेत, वर शिंतोडे उडवलेत आणि मधे ओरखडे मारलेत. पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा ते छान दिसलं. छापून आल्यावर मात्र लोकांना शीर्षक वाचता येईना, आणि ज्यांना वाचता आलं त्यांना भीती वाटेना. ओघळ वाढवावेत की कमी करावेत, आणि एकूण किती अक्षरं काढावी लागतील, असं तुम्ही नमुना पाठवून विचारलंय.

ओघळ कमी-जास्त करून हे सुटणार नाही. ते कुठे लोंबताहेत ते आधी बघावं लागेल.

ओघळांची ही पद्धत रोमन फॉन्टमधून आली आहे. गूगल फॉन्ट्सवर नोसिफर, क्रीपस्टर, ईटर असे याच घराण्यातले फॉन्ट फुकट मिळतात. अँड्र्यू स्मिथ यांनी १९९५ साली केलेला चिलर तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर असंख्य संगणकांवर येऊन बसलेला आहे. यांतल्या एकातही देवनागरी नाही, म्हणून आपल्याकडचा जो तो त्यांचा थाट उचलून आपल्या अक्षरांना चिकटवायला जातो. पण रोमन कॅपिटल अक्षर पायांवर उभं असतं. त्याच्या खाली काही नसतं, वरही काही नसतं, आणि शेजारचं अक्षर सुटं असतं. त्यामुळे सजावटीला चारही बाजू मोकळ्या मिळतात. देवनागरीत यातली एकही बाजू मोकळी नाही. खाली उकार, ऋकार आणि मोडलेले पाय राहतात. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. दोन अक्षरांच्या मधे काना उभा असतो. रोमन फॉन्ट जिथं जिथं शोभा टाकतो, तिथं तिथं आपल्याकडे अर्थ बसलेला असतो.

म्हणून कोणताही पोत लावण्याआधी मी एक तक्ता काढतो: कुठल्या अक्षराचं काय बिघडलं की ते दुसरं अक्षर होतं. तुम्हीही हा तक्ता हातानं काढाच. माझ्या तक्त्यातल्या ठळक जागा सांगतो.

शिरोरेषेतून दोन अक्षरांच्या मधे एक जाड ओघळ खाली आला की तो काना होतो. ‘मरण’ लिहा आणि ‘म’नंतर ओघळ सोडा, वाचणारा ‘मारण’ वाचेल. दोन्ही शब्द भूतकथेत शोभणारे, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. शिरोरेषेवर उडालेला एक शिंतोडा अनुस्वार होतो. मालिकेच्या ‘भाग १’चा ‘भांग १’ व्हायला एवढा एक थेंब पुरतो. अक्षराच्या तळाशी वळलेला ओघळ उकार होतो आणि ‘कवटी’ची ‘कुवटी’ होते. त्यातही ‘र’ वेगळा सांभाळा, कारण त्याचा उकार खाली नसून कमरेपाशी उजवीकडे लागतो. तिथं बाहेर आलेला फुगवटा सरळ ‘रु’ वाचला जातो. तळाशी तिरका गेलेला ओघळ पाय मोडल्यासारखा दिसतो.

ओरखड्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. दंडाच्या डाव्या बाजूला, खालच्या अर्ध्या भागात एक तिरका ओरखडा पडला की तो ‘र’ जोडल्यासारखा वाचला जातो. ‘विहिरीतलं पाणी’ हे शीर्षक ‘प्राणी’कडे सरकायला एक रेघ पुरेशी आहे. ‘व’च्या पोटातून ओरखडा गेला की ‘ब’, आणि ‘वेताळ’चा ‘बेताळ’. ‘प’च्या पोटातून गेला की ‘ष’, आणि मग ‘शाप’ कुणालाच वाचता येत नाही. ‘ड’च्या बाजूला उडालेला थेंब त्याला ‘ङ’ करतो.

सगळ्यात घातक जागा शिरोरेषेवर आहेत. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ या जोड्यांमधला फरक बऱ्याच वळणांत दोनच गोष्टींवर टिकलेला असतो: डावीकडची छोटी गाठ आणि शिरोरेषेतली फट. तुम्ही जीर्ण दिसावी म्हणून शिरोरेषा कुठेही तोडली की ‘घर’चं ‘धर’ होतं. उलट, ओघळ साचवून ती फट बुजवलीत की ‘भय’चं ‘मय’ होतं आणि ‘भूत’चं ‘मूत’ होतं. हा शेवटचा शब्द एकदा पोस्टरवर कुणी मोठ्यानं वाचला की त्या गोष्टीची सगळी हवा तिथंच जाते. ‘ख’सुद्धा सांभाळा. त्याचे दोन भाग तळाशी जोडलेले असतात तोवर तो ‘ख’ आहे. तो जोड झिजवलात की ‘खून’चा ‘रवून’ होतो आणि ‘खवीस’चा ‘रववीस’. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात नेमका हाच जोड पोतानं खाल्लेला आहे.

मग हात घालायचा कुठं? जागा आहेत, आणि बऱ्यापैकी आहेत.

पहिली जागा म्हणजे उभ्या दंडाचं खालचं टोक. दंड सरळ खाली निमुळता होत गेला, तर तो उकार वाटत नाही, कारण उकार वळतो, आणि मोडलेला पायही वाटत नाही, कारण तो तिरका जातो. त्यामुळे ‘त’, ‘म’, ‘न’, ‘ग’, ‘स’ आणि मुख्य म्हणजे काना यांची टोकं कमी-जास्त लांबीची, सुळ्यासारखी करता येतात. ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’, ‘द’, ‘ह’, ‘ळ’ यांना मात्र खाली दंडच नाही. त्यांना ओघळ लावायचा मोह टाळा. त्यांच्या शेपटीची टोकं नखासारखी ओढून घ्या, तेवढं पुरतं.

दुसरी जागा जाड रेघेच्या आतली. अक्षराची बाह्यरेषा शाबूत ठेवून आतला भाग वाळवीनं खाल्ल्यासारखा पोखरला, तर शब्द दुरून स्वच्छ वाचता येतो आणि जवळ गेल्यावर अंगावर येतो. यासाठी अक्षर पुरेसं जाड हवं. बारीक रेघ पोखरली की तुटतेच.

तिसरी जागा शब्दाच्या दोन्ही बाहेरच्या कडा. शिरोरेषा पहिल्या अक्षराच्या आधी थोडी बाहेर काढता येते, शेवटच्या अक्षरानंतर फरकटत नेता येते. तिथं काहीही केलंत तरी वाचनात अडथळा येत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एवढं सांभाळून केलेला फॉन्ट वाचता येईल, पण भीतिदायक होईलच असं नाही. भीती रचनेत आणावी लागते, पोत त्यानंतरचा.

एड बेंगियाट यांचा आयटीसी बेंगियाट हा १९७७ सालचा टाइप बघा. त्यात रक्त नाही, तडा नाही, जाळं नाही. गोलसर, थोडा नखरेल सेरिफ टाइप आहे, म्हणजे रेघांच्या टोकांना छोट्या पट्ट्या असलेला. तरी भयकथांच्या इंग्रजी मुखपृष्ठांवर तो इतका रुळला की २०१६ साली एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेनं शीर्षकासाठी तोच घेतला, अक्षरं मोठी करून, एकमेकांना खेटवून, लाल कडांत पेटवून. त्यातली अस्वस्थता येते ती अक्षरांमधली हवा काढून घेतल्यामुळे. आपल्याकडे मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी आयुष्यभर हेच दाखवलं: नाटकाचा स्वभाव अक्षराच्या बांधणीतच उतरवायचा. वेगळी चित्रं काढून शब्दाभोवती चिकटवायची गरजच पडत नसे. भयाच्या फॉन्टचा अभ्यास करायचा असेल तर रोमन ओघळांच्या आधी त्या जाहिराती जमवा आणि ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवा.

देवनागरीच्या रचनेत भीतीला सगळ्यात मोठी जागा शिरोरेषेत आहे. रोमन भयफॉन्टमध्ये अक्षरं वरखाली उड्या मारतात, एखादं वाकडं उभं राहतं. तसं देवनागरीत केलं की शिरोरेषा पायरीपायरीनं तुटते आणि ते लहान मुलांच्या वाढदिवसाच्या फलकासारखं दिसायला लागतं. याच्या अगदी उलट करा. शिरोरेषा सुतासारखी सरळ ठेवा, हलू देऊ नका. तिच्याखाली अक्षरांचे देह मात्र किंचित झुकवा, कुणी दोन अंश डावीकडे, कुणी तीन अंश उजवीकडे, आणि तळाची लांबी वेगवेगळी ठेवा. वडाची आडवी फांदी आणि तिच्या पारंब्या डोळ्यांसमोर आणा: फांदी स्थिर, खालचं सगळं संथ हलतंय. आपली अक्षरं मुळातच वरून लोंबणारी आहेत. मोडी लिहिणारे तर आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. हा लोंबण्याचा गुण रोमनमध्ये नाही, तो आपल्याला आयता मिळालाय, आणि भूतकथेला याहून योग्य दुसरं काय हवं? ओघळ हवेच असतील तर ते पारंब्यांसारखे शिरोरेषेतून सोडा, पण तीन पथ्यं पाळून. जाडी दंडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी, लांबी अक्षराच्या निम्म्याच्या आत, आणि टोक निमुळतं. मग काना आणि पारंबी यांची गल्लत होत नाही.

दुसरा उपाय जाड-बारीक रेघांचा. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, आणि देवनागरीसाठीचा तो काप रोमनच्या उलट दिशेचा. त्यामुळे कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक, हे मराठी वाचकाच्या डोळ्यात पक्कं बसलेलं असतं, जरी त्यानं आयुष्यात बोरू पाहिला नसला तरी. हा हिशेब मुद्दाम उलटा करा. जिथं जाडी हवी तिथं रेघ बारीक होऊ द्या, जिथं बारीक हवी तिथं फुगवा. वाचणाऱ्याला अक्षर ओळखू येतं, पण काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. मला विचाराल तर भयकथेच्या शीर्षकाला हवा तो नेमका हाच परिणाम आहे. लंडनमध्ये १८२१च्या सुमारास कॅस्लनच्या टाइपशाळेनं ‘इटालियन’ नावाचा असाच उलट्या जाडीचा टाइप काढला होता, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं छपाईतले जाणकार त्याला विद्रूप म्हणत राहिले. हा विद्रूपपणा तुमच्या कामाचा आहे. मात्र तो सगळ्या अक्षरांत एकाच नियमानं यायला हवा. काही अक्षरांत उलटा आणि काहींत सुलटा राहिला तर तो नवख्याचा हात वाटतो.

तिसरा उपाय पोकळ्यांचा. ‘व’, ‘ठ’, ‘ढ’ यांच्या पोटातल्या पोकळ्या अरुंद आणि उभट करा, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसारख्या. पूर्ण मिटू नका. स्वस्त कागदावर शाई पसरते, आणि पडद्यावर जेमतेम उघडी दिसणारी पोकळी छपाईत बंद होते. मुखपृष्ठापुरतं चालेल, पण वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसाठी पोकळ्या थोड्या मोठ्या असलेली वेगळी आवृत्ती ठेवलीत तर उत्तम.

आणि वेलांट्या. वेलांटी, रफार, मात्रा हे अक्षराच्या देहाबाहेरचे भाग आहेत, त्यामुळे त्यांना मोकळं सोडता येतं. रफार कोयत्यासारखा, दीर्घ वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर ओणवलेली, मात्रा मागं वळून बघणारी. माझा स्वतःचा कल नेहमी हाच असतो: देह शांत, आणि सगळा उपद्रव मात्रांमध्ये. ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक तेवढा पुसू देऊ नका, आणि एक मात्रा व दोन मात्रा दुरून वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

आता तुम्ही न विचारलेला पण या फॉन्टला मारक ठरणारा मुद्दा: पुनरावृत्ती. खडबडीत अक्षराचं सोंग उघडं पडतं ते त्याच शब्दात तेच अक्षर दुसऱ्यांदा आल्यावर. ‘भयभीत’मधले दोन्ही ‘भ’ एकाच ठिकाणी फाटलेले दिसले की वाचकाला कळतं, हे यंत्राचं काम आहे. रोमनमध्ये यासाठी प्रत्येक अक्षराची दोन-तीन रूपं देतात. देवनागरीत पहिलं लक्ष अक्षरांकडे नको, कान्याकडे हवं. ‘दारामागचा’ या एका शब्दात चार काने आहेत. चारही सारखेच फाटलेले असतील तर बाकीची मेहनत वाया. कान्याची निदान पाच रूपं काढा. त्यानंतर ‘र’, ‘त’, ‘न’, ‘म’, ‘क’, ‘व’, ‘ल’, ‘स’ यांची तीन-तीन. दुर्मिळ अक्षरांना एक पुरे.

ही रूपं आपोआप बदलायला हवीत. फॉन्टच्या आत अक्षरं बदलणारे नियम असतात, त्यांच्या एकेका संचाला फीचर म्हणतात. तो बदल संदर्भी पर्यायांच्या फीचरमध्ये, म्हणजे कॅल्टमध्ये (calt) लिहा. जोडाक्षरं आणि मात्रा बसवणारी जी बाकीची फीचर्स आहेत ती एका अक्षरगटाच्या आतच काम करतात असं धरून चाला. कॅल्ट मात्र अक्षरगटाची सीमा ओलांडून मागं बघू शकतं. नियम लिहिताना वरखाली लागणारी चिन्हं दुर्लक्षित करायला सांगा, नाहीतर मधे एक अनुस्वार आला की साखळी तुटेल. आणि फक्त लगतचं अक्षर बघून भागणार नाही, कारण दोन कान्यांच्या मधे नेहमी एखादं व्यंजन असतंच. मागची तीन-चार स्थानं तपासा. शैलीसंच म्हणून हेच पर्याय पुन्हा द्या, म्हणजे शीर्षक जुळवणाऱ्याला हातानंही निवडता येतील.

शिरोरेषेच्या सांध्यांबद्दल: प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतःच्या रुंदीबाहेर थोडी जाऊन शेजारच्या रेषेवर चढली पाहिजे, नाहीतर पडद्यावर केसाएवढ्या फटी दिसतात. खडबडीत फॉन्टमध्ये आणखी एक अडचण येते. एका अक्षराची कड वर संपते, दुसऱ्याची खाली सुरू होते, आणि सांध्यावर पायरी पडते. यावर उपाय सोपा आहे. हजार एककांच्या चौकटीत दोन्ही टोकांना चाळीसेक एकक शिरोरेषा अगदी साधी, ठरलेल्या जाडीची ठेवा. जो काही पोत द्यायचा तो मधल्या भागात. कुणी शब्दाला बाहेरून रंगीत कड दिली की या चढलेल्या रेषा आतून दिसतात. त्यामुळे फॉन्टबरोबरच्या सूचनेत लिहून द्या की कड देण्याआधी अक्षरांचे आकार करून ते एकत्र जोडून घ्यावेत.

फॉन्ट तपासायला नेहमीची वाक्यं घेऊ नका. आपल्या भुतांची नावंच घ्या, ती अवघड अक्षरांनी भरलेली आहेत. मुंजा, वेताळ, खवीस, हडळ, जखीण, झोटिंग, लावसट, हाकामारी, चकवा, कोकण-गोव्याकडचा देवचार. ‘गिऱ्हा’ लिहिलात की ‘र’चं ते आडवं, पापणीसारखं रूप तुमच्या फॉन्टमध्ये आहे की नाही ते लगेच कळतं. हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये ते कितीदा तरी नसतं. ‘ब्रह्मसमंध’मध्ये ‘ब्र’ आणि ‘ह्म’ दोन्ही तपासून होतात. ‘पिशाच्च’मध्ये ‘च्च’, ‘मृत्यू’मध्ये ऋकार आणि दीर्घ उकार, ‘स्मशान’मध्ये ‘स्म’ आणि मराठी ‘श’, ‘रुधिर’मध्ये ‘रु’, ‘दृष्ट’मध्ये ‘दृ’ आणि ‘ष्ट’. ‘पिंपळ’मध्ये पहिली वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांवर आदळतात का ते बघा. ‘गर्दी’ आणि ‘वर्दी’ लिहून रफार आणि दीर्घ वेलांटीचं भांडण मिटलंय का तेही बघा.

किती अक्षरं काढायची, याचं उत्तर आता देता येईल. सुटी अक्षरं, अर्धी रूपं, नेहमीची जोडाक्षरं, मात्रांची रुंदीनुसार रूपं, अंक, विरामचिन्हं, रुपयाचं चिन्ह आणि वर सांगितलेले पर्याय धरून मराठीपुरता शीर्षक-फॉन्ट ३५० ते ४५० आकारांत व्यवस्थित बसतो. पहिली वेलांटी एकाच रुंदीची ठेवू नका, ‘र’वरची आणि ‘क्ष’वरची कमान वेगळी लागते. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हेच मूळ रूप म्हणून ठेवा. हिंदी रूपं भाषेनुसार बदलणाऱ्या फीचरमध्ये द्या. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ विसरू नका, ‘ॲसिड’ आणि ‘ऑपरेशन’ हे शब्दही रहस्यकथांच्या शीर्षकात येतात. रोमन अक्षरं पहिल्या आवृत्तीत नसली तरी चालतील. घाईत केलेली रोमन अक्षरं फॉन्टची लाज घालवतात.

काम कुठून सुरू करावं? संगणकावरून नको. चुन्यानं रंगवलेला पुठ्ठा घ्या आणि कोळशानं लिहा. जळक्या काडीनं लिहा, ओल्या गेरूत बोट बुडवून लिहा, चुन्यावर खिळ्यानं कोरा. प्रत्येक साधनाची रेघ वेगळ्या तऱ्हेनं संपते, आणि भयाच्या फॉन्टमध्ये रेघ कशी संपते यावर बरंच काही ठरतं. काइल कूपर यांनी १९९५ सालच्या एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीसाठी अक्षरं हातानं खरवडली होती. तो थरकाप संगणकाच्या तयार ओरखड्यांतून येत नाही. मला वाटतं, आपल्या वाचकाला रक्ताच्या ओघळापेक्षा काजळी, राख आणि गेरू जास्त ओळखीचे आहेत. चुलीवरच्या भिंतीची काजळी, ओसाड वाड्याचा पोपडे आलेला चुना, तिठ्यावर पडलेलं कुंकू. हे पोत आपल्या गोष्टींच्या घरातले आहेत.

लिहिलेलं स्कॅन करून आपोआप रेखांकित करू नका. त्यातून एकेका अक्षराला हजारो बिंदू येतात. फॉन्ट जड होतो, फोनवर अडखळतो, आणि रेडियम किंवा व्हिनाइल कापणाऱ्या प्लॉटरवर पूर्ण बिघडतो: सुरी प्रत्येक कुरतडीशी थांबते आणि कापलेले बारीक तुकडे काढता काढता दुकानदार वैतागतो. स्कॅन मागं ठेवून हातानं बाह्यरेषा काढा. एका अक्षरात दीडशेच्या आसपास बिंदू असले तरी भरपूर खडबडीतपणा येतो. पोखरलेल्या रूपाबरोबर एक भरीव रूपही द्या, कापण्याच्या कामाला तेच लागतं.

फॉन्टची उंची-खोली नीट भरा. ओघळ ठरलेल्या खोलीच्या बाहेर गेले तर काही प्रोग्राम ते सरळ कापतात, आणि लघुचित्रात, म्हणजे थंबनेलमध्ये, अर्धेच ओघळ दिसतात. माझा नियम असा की कुठलंही टोक दीर्घ उकाराच्या तळाखाली जाऊ द्यायचं नाही. अडोबीच्या प्रोग्रामांत मजकुराची मांडणी वर्ल्ड-रेडी पद्धतीवर नसेल तर वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरं फुटतात. दोष फॉन्टवर येतो, म्हणून हेही सूचनेत लिहा.

रंगाबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या नमुन्यात काळ्यावर गडद लाल आहे. रक्तासारखा वाटणारा गडद लाल, म्हणजे लाल-हिरवा-निळा या मोजमापात १३९, ०, ० हा रंग, काळ्यावर टाकला तर दोघांतलं उजेडाचं गुणोत्तर साधारण २.१ ला १ एवढंच भरतं. मोठ्या अक्षरांसाठीसुद्धा वेबच्या सुलभता-नियमांत किमान ३ ला १ मागतात. शुद्ध लाल ५.२५ पर्यंत जातो. अक्षर हाडासारखं पिवळट पांढरं ठेवा आणि लाल रंग फक्त एखाद्या वेलांटीला द्या. फोनच्या पडद्यावर मुखपृष्ठ नखाएवढं करून, हात लांब धरून वाचून बघा. घरातल्या ज्येष्ठ माणसाला तेच वाचायला द्या, आधी शीर्षक न सांगता.

शेवटचं, पण विक्रीला काढण्याआधीच सोडवायला हवं असं: तुम्ही ज्या जाड फॉन्टवर ओघळ लावले तो एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट परवान्याखालचा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या परवान्यानुसार बदल करायला पूर्ण मुभा आहे, पण बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, तो एकटा विकता येत नाही, आणि मूळकर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल तर ते नाव वापरता येत नाही. त्या फॉन्टनं केलेली मुखपृष्ठं आणि पोस्टरं विकायला काहीच हरकत नाही. तुम्हाला फॉन्टच विकायचा असेल तर तो कोऱ्या कागदापासून काढावा लागेल. तसा काढणार असाल तर पहिले आठ आकार हे घ्या: काना, ‘भ’, ‘म’, ‘घ’, ‘ध’, ‘ख’, ‘र’, ‘व’. या आठांत भीतीही आली आणि गल्लतही झाली नाही, तर पुढची अक्षरं त्यांच्याच नियमांनी काढत जा.